पूर्ण पत्र परत

समोरच्याचे बोलणे आधी जसेच्या तसे परत म्हणून दाखवणे हा त्याचा आदर, की त्याच्या वेळेचा अपव्यय? आनंदराव मेश्रामांच्या संदर्भात हा प्रश्न अनेकदा मांडून पाहिला. उत्तर हाती लागले नाही.

आनंदरावांची सारी नोकरी हिंदी मुलखातल्या चरोद्याच्या रेल्वे यार्डात, कॅबिनमधल्या फोनजवळ गेली. आदेश आला की तो शब्दन् शब्द परत म्हणायचा आणि पलीकडून 'बरोबर' आले की मगच रूळ बदलणाऱ्या लीव्हरला हात लावायचा. एक शब्द गिळला तर डबे भलत्याच लाइनीवर. निवृत्त होऊन ते शेजारच्या भिलाई-३ या वस्तीत राहू लागले आणि मराठी वाचकांच्या एका ईमेल समूहात दाखल झाले. घरी लेकीशी सुरू केलेले वाक्य मराठीतून निघून हिंदीत पोहोचे. पुस्तकांविषयी मराठीत बोलायला ही एकच जागा होती.

समूहाच्या संचालिका रेणू देशकर यांनी नवागतांना नियम कळवले होते. उत्तर देताना आधीचे पत्र पूर्ण उद्धृत करू नये, असा त्यांत एक नियम होता. आनंदराव नेमके तेच करीत. समोरच्याचे अख्खे पत्र एका बोटाने टाइप करायचे आणि त्याखाली आपल्या दोन ओळी लिहायच्या.

"कावून टाइप करून राहिले?" पंचफुलाबाई नवऱ्याला विचारीत. "ज्यानं लिवलं त्याले ठाऊक हाये ना!"

"त्याले ठाऊक हाये. पण मले बरोबर समजलं का, हे त्याले कसं ठाऊक?"

"बाबा, कॉपी-पेस्ट कर दो ना," लेक खुशबू म्हणे.

"मंग वाचलं कोणं? मी का कंप्युटरनं?"

एका सदस्याने टोमणा मारला, 'आनंदराव, तुमच्या पत्रात माझेच पत्र वाचून मला माझाच कंटाळा येऊ लागला आहे.' आनंदराव मनापासून हसले आणि तो टोमणाही त्यांनी पूर्ण लिहून परत पाठवला.

अखेर रेणूताईंचे पत्र आले, 'यापुढे आपण पूर्ण पत्र उद्धृत केल्यास आपले सदस्यत्व रद्द करण्यात येईल.'

"आता सोडा हेका," पंचफुलाबाई म्हणाल्या. "समूह गेला तर दिवसभर माझंच डोकं खासाल."

"साहेबाले राग येते म्हणून अर्धा आदेश परत म्हणला का मी कधी? इथंच कावून म्हणू?"

मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिले:

'यापुढे आपण पूर्ण पत्र उद्धृत केल्यास आपले सदस्यत्व रद्द करण्यात येईल. संदेश मिळाला. समजला. मान्य नाही. आनंदराव मेश्राम, भिलाई-३.'

पलीकडून 'बरोबर' आले नाही.

मार्च २०१२ मध्ये त्यांचे सदस्यत्व रद्द झाले. २०१९ मध्ये समूह बंद पडला, तोवर त्यांनी पुन्हा प्रवेश मागितला नाही.