सासुरवाडीची पसंती

आता काय सांगू तुमाला, आमचा अख्खा कारखाना मी माझ्या सासुरवाडीच्या भरवशावर बुडवायला निघालो होतो! घ्या, चहा घ्या, मीच केलाय. पिता पिता ऐका.

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट असंल. परभणीला आमचा सरकारी खाद्य कारखाना. बालवाड्यांना लापशीचं पीठ पुरवायचं, एवढंच काम. लेकरं ते खातात का थुंकतात, आमी कधी विचारलंच नाही. मग वरून हुकूम आला: पीठ बाजारात विकून दाखवा, नाहीतर कारखान्याला कुलूप. झाली का पंचाईत! सगळ्यांच्याच नोकऱ्या टांगणीला.

त्यातच नवे साहेब आले. माणूस लय हुशार बरं का! पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी बायकांना घरी करून बघू द्या. त्या काय म्हणतात ते लिहून आणा. बाजाराचं मग बघू."

काम आलं माझ्याकडं. म्हटलं, गाव कशाला शोधायचं? झरीला आपली सासुरवाडी आहे की! घरोघर पाकिटं वाटली, आठ दिवसांनी परत गेलो.

काय तो मान! चुलतसासरे म्हणाले, "जावईबापू, असली लापशी जन्मात खाल्ली न्हाई!" शेजारीण म्हणाली, "लेकरं ताट चाटायलेत!" सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "ग्वाड हाय." एक माणूस नाव ठेवंना! मी ऐटीत अहवाल लिहिला: सगळं गाव खूश.

साहेबांनी वाचला. "एकानंही खोट काढली नाही? गाव कुणाचं?"

"माझी सासुरवाडी, साहेब."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "चला, जीप काढा."

झरीत त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सरळ गोठ्यात! सासऱ्यांची म्हैस आंबोण खात होती. आंबोणात काय? आमचं पीठ! आणि शपथ सांगतो, तीसुद्धा तोंड वाकडं करायली होती.

साहेब ओट्यावर टेकले. "मावशी, मी काय तुमचा जावई नाही. बिनधास्त बोला."

मग काय! सासूबाई ज्या सुटल्या! "पीठ कच्चं हाय साहेब. टाळूला चिकटतंय. भाजायचं सोडून नुसता गूळ ओतायलेत. पर जावयाच्या तोंडावर कसं बोलावं?"

एवढं बोलून त्यांनी चुलीवर कढई ठेवली, पीठ खरपूस भाजलं अन् लापशी करून वाढली. साहेबांनी दोनदा मागून घेतली.

पुढं कारखान्यात तसंच भाजायला लागलो. देवगाव फाट्यापासून येलदरीपर्यंत दुकानादुकानांत आमचं पाकीट! कुलूप टळलं. साहेबांनी नियमच केला: नवा माल आधी झरीत चाखायचा, आणि त्या दिवशी मी परभणीतच बसायचं.

साहेबांसंगं झरीहून परतलो त्या संध्याकाळी मी बायकोवर लय चिडलो. "आईनं तुला सांगितलंच असंल की! तुला तरी खरं सांगायला काय झालं होतं?"

ती शांतपणे म्हणाली, "आमच्या माहेरची रीतच हाय ती. लग्न झाल्यापासून तुमच्या हातच्या चहाला मी चांगलाच म्हणायलीय की!"

अहो, कप का खाली ठेवला?