बॉयलरपुढचं लाल निशाण

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास मी एका साखर कारखान्याची लॉरी चालवायचो. बेलापूर स्टेशनात नवा बॉयलर उतरला. लोखंडी गाड्यावर चढवल्यावर त्यानं अख्खा रस्ता अडवला. ओढायला बैलजोड्या, आणि वाट मोकळी करायला पुढं मी. लॉरीला लाल निशाण लावलं. हॉर्न बिघडलेला, म्हणून दाराला पितळी घंटा टांगली. गाड्याच्या बाजूनं माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचो, आणि चार गडी बाभळीचे ठोकळे घेऊन चालत. उतार लागला की ते चाकाखाली सारायचे. त्या ठोकळ्यांचं वजन माझ्याच लॉरीतून आणलं, तेव्हा मी लई कुरकुरलो होतो.

निघताना गड्यांनी बॉयलरची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, सगळं यथासांग. आता तुम्हीच सांगा, पुढं लाल निशाण, घंटेचा आवाज आणि मागं हार घातलेलं धूड, तर माणसांनी काय समजायचं? वाटेतल्या गावांनी देव आला असंच धरलं. बाजूला व्हायचं सोडून बाया आरतीचं ताट घेऊन रस्त्यात. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

ओढ्याच्या उतारावर एका बाईनं तापानं फणफणलेलं तान्हं लेकरू माझ्या लॉरीपुढं निजवलं. पालखी आजारी लेकराला ओलांडून गेली की दुखणं जातं, ही आमच्याकडची रीत. मी ब्रेक दाबला. मी थांबलो, पण मागचा गाडा कुठला थांबतोय? तो लॉरीवर आला की लॉरी लेकरावर जाणार. बाहेर डोकं काढून बोंबललो, "मामा, ठोकळे!"

लाकूड करकरलं. मागं वळून पाहिलं, तर पहिल्या जोडीची शिंगं लॉरीच्या फळीला टेकली होती. गाडा जागच्या जागी उभा होता.

उतरून लेकरू उचललं. ते टाहो फोडत होतं, आणि तो आवाज इतका गोड लागला की मलाही रडू आलं. आई मात्र हिरमुसली. "दादा, देव का थांबला? वरून जायचा हुता न्हवं."

सासऱ्यांनी बॉयलरचं कुंकू लेकराच्या कपाळाला लावलं. "थांबला म्हंजी बघून गेला, बाई. आता दवाखान्यात ने."

मग मी निशाण उतरवलं, घंटा सोडली आणि निशाणाच्या काठीला सासऱ्यांची काळी छत्री उघडून बांधली. काळं म्हणजे अपशकुन, त्यामुळं ती बघून लोक तोंड वाकडं करून बाजूला सरायला लागले. कारखान्यापर्यंत मी शिव्या खाल्ल्या, अगदी खुशीनं. रस्त्यात पुन्हा कुणी लेकरू निजवलं नाही.