प्रभामॅडमचं एक वाक्य

आमच्या प्रभामॅडमना मी खुर्चीत नीट बसलेलं कधी पाहिलं नाही. चहा उभ्याने, डबा उभ्याने, फोन तर येरझाऱ्या घालतच. पायाला भिंगरी लागलेली बाई. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. घरच्या घरी रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्या आणि त्यांचं मशीन तिथे बनतं. एम.फार्म. करून मी तिथे वर्षभराच्या ट्रेनिंगला लागले, आणि आठवड्यात माझी मान दुखायला लागली, कारण शिकवणारी बाई सारखी डावीकडून उजवीकडे. मी एकदा म्हटलंही, "मॅडम, जरा एका जागी थांबा ना, मला लिहिता येत नाही." मॅडम म्हणाल्या, "योगिनी, तू पण उभी राहा. छान लिहिता येतं." झालं! असा आमचा श्रीगणेशा.

आमचं खातं म्हणजे रेग्युलेटरी. कारखान्याने बनवलेली वस्तू खरंच काम करते आणि माणसाला इजा करत नाही, हे सरकारला पुराव्यानिशी पटवायचं. त्याची फाइल दिल्लीला जाते, परवाना येतो, मगच वस्तू दुकानात. कॉलेजात मला हे सगळं कलमाकलमाने शिकवलेलं. कलमं माझी तोंडपाठ होती आणि त्याचा मला तोराही होता. पहिल्याच कच्च्या अहवालात मी झोकात लिहिलं, 'वापरणाऱ्यांना सूचना सहज समजल्या.' मॅडमनी त्यावर काट मारली.

"कुणाला समजल्या? तुला?"

"नाही, म्हणजे... सर्वसाधारणपणे."

"सर्वसाधारणपणे कुठे राहतो गं? किन्हवलीला का सरळगावला? हे कुणी पाहिलं, ते लिही. पाहिलं नसेल तर लिहू नकोस."

वर्षभर हाच जप. हे कुणी पाहिलं? हे कुणी केलं? माझा जीव मेटाकुटीला यायचा. घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून बोटं मोडायचे त्यांच्या नावाने. पण खरं सांगते, कॉलेजच्या दोन वर्षांत जे डोक्यात गेलं नव्हतं ते या बाईच्या कटकटीने गेलं.

मॅडमचं पूर्ण नाव रत्नप्रभा. शहापूरच्या. वडील बुधाजी कचेरीत शिपाई, मुलगी बी.फार्म. झालीच पाहिजे म्हणून हटून बसलेले. ते गेले. आता घरात आई जानकीबाई आणि मॅडम, दोघीच. शहापूरहून एसटीने शेणवा करत रोज मुरबाड गाठायचं. वीस वर्षं त्या याच कारखान्यात. सगळ्या फायली यांनी बांधायच्या आणि जबाबदार व्यक्ती म्हणून सही मात्र मुंबईच्या एका सल्लागारांची. ते मधूनच कधीतरी गाडीतून यायचे, पंखा मोठा करा म्हणायचे, पानं उलटायचे, सह्या ठोकायचे, गेले! माझ्या डोक्यात तिडीक जायची. मॅडम म्हणायच्या, "बोंबलू नकोस. काम शिक."

पण त्या वर्षी मालकच म्हणाले, या नव्या पट्ट्यांच्या फाइलवर रत्नप्रभाचं नाव टाकू. मालक म्हणजे भगीरथशेठ. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. मॅडमनी तोंडावर काही दाखवलं नाही, पण त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरल्या. जानकीबाईंनी तर पौर्णिमेला विहारात जमलेल्या बायकांना सांगूनच टाकलं, माझ्या पोरीचं नाव दिल्लीला चाललंय. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, अजून फाइल माझ्या टेबलावर आणि ही पेढे वाटून मोकळी!" चिडल्या होत्या, पण हसतही होत्या. इतकी वर्षं मनात धरलेली एकच गोष्ट हाताच्या अंतरावर आली होती आणि त्यांच्या येरझाऱ्या दुप्पट झाल्या होत्या.

पट्ट्यांच्या डबीवरचं लेबल मॅडमनी स्वतः लिहिलं. आधीचं मराठी वाचून त्या भडकल्याच होत्या. 'आर्द्रतेपासून संरक्षण करावे.' "आर्द्रता कुणाच्या घरी येते गं? आमच्याकडे ओल येते." मग ठळक अक्षरात आलं, 'कोरड्या जागी ठेवा. ओल लागू देऊ नका.' किती अंशांच्या वर गरम होऊ देऊ नये ती ओळ खाली बारीक अक्षरात गेली, कारण डबी लहान आणि जागा संपली. मॅडमनी एक डबी आईला देऊन पाहिली. जानकीबाईंनी ती टीव्हीखालच्या कपाटात ठेवली, महिनाभर साखर तपासली, आकडे दवाखान्याशी जुळले. मॅडम खूश. मीही खूश. त्यांच्याकडे गॅस, आमच्या मुरबाडच्या घरीही गॅसच, त्यामुळे दुसरं काही डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

मग खरी चाचणी. शेणव्याच्या वरच्या अंगाला जे पाडे आहेत, तिथे साखरेचा त्रास असलेल्यांच्या घरी डब्या आणि मशीन द्यायची. ऐन भाताच्या लावणीत, भर पावसात. माणसं स्वतःच्या हाताने कशी वापरतात ते नुसतं बघायचं. सांगायचं नाही, हात लावायचा नाही. हे मला जाम जड गेलं. पहिल्याच घरी नामाकाका, पन्नाशीचे, राकट हाताचे. त्यांनी पट्टी मशीनमध्ये उलटी खुपसली आणि वर फुंकरही मारली. "अहो उलटी! उलटी!" मी ओरडलेच. मॅडमनी माझी ओढणी मागून अशी खेचली की मी ओटीवरून अंगणातच आले.

"दुकानातून डबी घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तू ओरडायला जाणार आहेस का?"

"पण ते चुकत होते!"

"चुकू दे ना! तेच तर बघायला आलोय आपण!"

आत नामाकाकांनी तोवर पट्टी सरळ केली होती आणि बायकोला, बुधीकाकूंना, आकडा दाखवत होते. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गटारात पडले तर बरं असं झालं मला.

पुढे त्या पाड्यांवर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई फोनवर आकडे कळवायच्या. नामाकाकांचे आकडे तर इतके चांगले की मी ऑफिसात टाळी वाजवली. मॅडमनी नाही वाजवली. "लावणीत तिन्ही वेळ भात खाणारा माणूस. त्याची एवढी गुणी साखर?" खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. "उद्या जाऊ."

गेलो. नामाकाका ओटीवर बसलेले, पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. "चिखलात काय तरी लागला. भरतच नाय," ते म्हणाले. मॅडमनी साखर तपासायला सांगितली. बुधीकाकू आत गेल्या आणि आम्हीही मागोमाग गेलो. चुलीवर भात रटरटत होता. त्याच्या बरोबर वर, धुराने काळ्या झालेल्या माळ्यावर सुकट होती, बियाणं होतं, मीठ होतं, पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड होतं. आणि त्यातच आमची डबी. काकूंनी ती काढून मॅडमच्या हातात ठेवली. मॅडमनी ती माझ्या हातात दिली. डबी चांगली गरम होती.

"इथे ठेवता?" मॅडमनी विचारलं.

"मंग? तुमीच लिवलाय ना, कोरड्या जागी ठेवा, ओल लागू देऊ नका. मी चौथीपरेंत शिकल्ये, वाचता येतं मला," काकू अभिमानाने म्हणाल्या. "पावसाचं आमच्या घरात याच्यापरीस कोरडं काय नाय बघा. पोरांची पुस्तकं पण खाली ठेवली, पर ही वर ठेवली."

त्या डबीतल्या पट्टीने आकडा दाखवला एकशे चार. मॅडमनी पिशवीतून कोरी डबी काढली. त्याच बोटाचं रक्त, दोनशे ऐंशी. धगीने जुन्या पट्ट्या पार कामातून गेल्या होत्या आणि बिचाऱ्या खुशाल गोड गोड आकडे सांगत होत्या.

"गोळी घेताय ना, नामादादा?"

"गोळी? ती तर सोडली. मशीन चांगला सांगतंय, मंग गोळी कशाला खावाची?"

डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, हे आम्ही सांगितलं होतं. पण हातात मशीन दिलं आणि ते 'तू बरा आहेस' म्हणालं, तर कोण नाही विश्वास ठेवणार? मीही ठेवला असता. बुधीकाकूंना काय झालं ते कळलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "आमी अडाणी मानसं, आमच्याच हातून..."

"अजिबात नाय!" मॅडम एवढ्यांदा बोलल्या की चुलीपाशी बसलेलं मांजर पळालं. "तुमी अक्षर न अक्षर पाळलंत. चूक माझी हाय."

त्या तशाच रस्त्यावर धावल्या, जीप थांबवली, नामाकाकांना शहापूरच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत व्हरांडा झिजवला. अंगठा काढावा लागला. पाय वाचला. पाड्यावरच्या बाकीच्या घरांत आम्ही पाहिलं, तर जवळपास सगळ्याच डब्या चुलीवरच्या माळ्यावर.

भगीरथशेठनी ऐकलं आणि घामाघूम झाले. पहिल्यांदा म्हणाले, "वापरणाऱ्याची चूक, असं लिहा. चुलीवर कुणी ठेवतं का?" मॅडम म्हणाल्या, "सगळेच ठेवतात." शेठना ते पटलंही. चाचणी थांबवू, लेबल बदलू, पुढच्या पावसात पुन्हा चाचणी घेऊ, सगळं कबूल केलं. अडलं ते मॅडमच्या अहवालातल्या एका वाक्यावर. त्यांनी लिहिलं होतं, 'लेबलवरील सूचनेमुळे डब्या चुलीवर ठेवल्या गेल्या. लेबल मी लिहिलं आणि चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या एकाही घरात ते आधी तपासलं नाही.'

"पहिलं वाक्य राहू दे," शेठ हात जोडून म्हणाले. "दुसरं काढ. जबाबदार व्यक्तीच म्हणते मी चुकले, तर दिल्लीवाले तिच्या सहीला काय किंमत देतील? मला पुन्हा त्या मुंबईवाल्यांना बोलवावं लागेल. दुसरं काढ, नाव तुझंच राहील. शब्द माझा."

दोन दिवस मॅडम कारखान्याच्या आवारात पावसात छत्री न घेता फिरत होत्या. माझं काही कामात लक्ष लागेना. मला भीती वाटत होती की त्या ते वाक्य काढतील आणि तेवढीच भीती वाटत होती की काढणार नाहीत. शेवटी मीच गेले त्यांच्याकडे.

"काढा ना मॅडम ते! खोटं थोडंच होणार आहे? नुसतं कमी होईल. कुणाचं काय जातंय?"

त्या थांबल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर एका जागी थांबल्या, आणि डोळ्यांत पाणी.

"तुला काय वाटतं, मला नकोय ते नाव? झोप नाही मला. आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय. मला ते हवंय गं, फार हवंय." नाक पुसलं. "पण वर्षभर तुझ्या मानगुटीवर बसून मी विचारलं, हे कुणी केलं? आता माझी पाळी आली तर जीभ गिळू? लेबल काय आपोआप उगवतं?"

मीही रडले. दोघी भिजलो होतो, त्यामुळे कोणाला फारसं कळलं नसावं.

वाक्य राहिलं. पुढच्या पावसात नव्या लेबलची चाचणी झाली. 'चुलीपासून लांब, गार आणि कोरड्या जागी ठेवा.' उष्णतेची ओळ ठळक अक्षरात. मॅडम स्वतः प्रत्येक घरी गेल्या. परवाना आला. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात मुंबईच्या सल्लागारांचं नाव आणि झोकदार सही. त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही इतकी चिडले होते. मॅडमना विचारलं, "जानकीबाईंना सांगितलंत?" म्हणाल्या, "सांगितलं. तिने एवढंच विचारलं, त्या माणसाचा पाय कसा आहे?"

मी आता तिथे कायम आहे. यंदा उंबरमाळीकडचा एक मुलगा ट्रेनिंगला आलाय, रोशन. हुशार आहे, कलमं तोंडपाठ. त्याला मॅडमनी हीच फाइल वाचायला दिली. काल दुपारी तो वाचता वाचता थांबला.

"मॅडम, यात एक वाक्य चुकून राहिलंय बघा. 'लेबल मी लिहिलं' म्हणे! असं कुणी अहवालात ठेवतं का? कच्च्या मसुद्यातलं असणार. आपल्या प्रतीतून उडवू?"

मी ताडकन उठले. त्याला चार शब्द सुनवणारच होते. मॅडम खिडकीपाशी होत्या, त्या वळल्या.

"नको रे. चुकून नाही राहिलं ते."

"मग कुणी लिहिलंय एवढं?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "वाच पुढे."