डॉक्टरांना टेबलावर झोपवणाऱ्या सिस्टर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर आमच्या सिस्टरांचे. मूळच्या भुसावळच्या, जयपुरात रेल्वेतून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. इथला एखादा डॉक्टर त्यांना घाबरत नसेल, तर त्याची त्यांच्याशी अजून गाठ पडलेली नाही, एवढंच.

खाजगी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना बायकांची तपासणी नीट कशी करावी, हे आमची संस्था शिकवते. सिस्टर शिकवत आणि मी, घराण्यातला पहिला पदवीधर, खुर्च्या मांडत असे. शिकवत म्हणजे काय, तर डॉक्टरांनाच तपासणीच्या टेबलावर झोपवत. वैशाली नगरातले एक स्थूल डॉक्टर आपल्याच दवाखान्यात गुडघे वर घेऊन पडले, तेव्हा सिस्टर दार सताड उघडं टाकून फोनवर कुणाला तरी भरल्या भेंडीची कृती सांगू लागल्या. डॉक्टर कळवळून म्हणाले, "सिस्टरजी, कम से कम परदा तो खींचिए."

"यहाँ लेटनेवाली औरत भी यही सोचती है, डॉक्टरसाब. बस, कहती नहीं."

पुढच्या आठवड्यात तिथे जाड हिरवा पडदा लागला.

'तकलीफ' या शब्दावर त्यांची बंदी होती. काही तकलीफ आहे का म्हटलं, की बाई नाहीच म्हणते. पाणी भरताना, खोकताना खाली अंग उतरल्यासारखं वाटतं का, असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. गप्प बसणं डॉक्टरांना फार जड जाई.

मला तर तो प्रश्नच तोंडातून निघेना. जयपूरजवळच्या बगरूचं डॉक्टरांचं शिबिर एकट्याने घेतलं, तरच माझी नोकरी पक्की होणार होती. सिस्टरांनी अट घातली, "आधी घरच्या एका बाईला विचार, पोरा. मग डॉक्टरांना शिकव."

घरी माझी मायच. तिला फोन लावायचो, पाऊसपाण्याचं बोलायचो आणि ठेवून द्यायचो. सिस्टर रोज चौकशी करत, मी मान खाली घालायचो, त्या नुसतं "हं" म्हणत. पुढे त्या आपल्या मुलाकडे नाशिकला कायमच्या राहायला गेल्या. शिबिराच्या आदल्या दिवशी मी त्यांना पत्र टाकलं.

"आदरणीय सिस्टर,

सा. न. वि. वि. काल फोनवर मायला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मीही राहिलो. मग म्हणाली, तुझी बहीण झाली तेव्हापासूनचं आहे. कुणाला सांगितलं का नाहीस, म्हटलं. तर म्हणाली, कुणी विचारलंच नाही.

उद्या बगरूला मी नसेन, तसं ऑफिसला कळवलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. आजच्या गाडीने गावी निघालोय, मायचा विचार बदलायच्या आत तिला परभणीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेतो. ती यायला तयार आहे. तिथे बोलायचं ते तूच बोल, एवढंच तिचं म्हणणं आहे.

मी बोलेन, सिस्टर."