सुशीलाचा दात आणि माझी बर्फी

आता तुमच्यापासून काय लपवू? हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या घरी अजून हसतात.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. मी मूळचा साताऱ्याचा, पण चंदीगडच्या एका मोठ्या दवाखान्यात दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायचो. दहा वर्षं! अर्ध्या गावातले म्हातारे सरदारजी माझ्या दातांनी मक्याची रोटी चावत होते. पण कधी कुणी शाबासकी दिली? कवळी नीट बसली की माणूस आपल्याला विसरतो, आणि टोचली की भांडायला येतो.

आणि एक दिवस नागपूरचा देशकर आला. वय सत्तावीस. चिनी मातीचे दात करायला शिकून आलेला. त्याच्यासाठी विजेची नवी भट्टीसुद्धा आली. लॅबचे साहेब सारखे त्या भट्टीपाशी! नर्सासुद्धा बघून जायच्या. माझ्या कवळ्या बिचाऱ्या उकळत्या पाण्याच्या भांड्यात शिजायच्या, तिकडे कोण फिरकणार?

पहिल्याच आठवड्यात त्याने लॅबमधल्या सगळ्यांना ही माती कशी हाताळायची ते समजावून सांगितलं. सगळे गेले. मी गेलो नाही. मी एक कवळी घासत बसलो. एकच कवळी, दीड तास. हे जरा लक्षात असू द्या.

इथवर ठीक होतं हो. पण शेजारच्या पंजाबी आजींनी, बीजींनी, शिमल्याहून अक्रोड आणले आणि आमच्या बायकोने, सुशीलाने, त्यातला एक दातांनी फोडायला घेतला. अक्रोड शाबूत राहिला, समोरचा दात अर्धा झाला! आणि दहा दिवसांवर तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं नाटक. त्यात नायिका कोण? हीच.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "मी कवळीच्याच प्लास्टिकचा, ॲक्रिलिकचा झकास करून देतो."

"तो चहाने पिवळा पडतो ना? मला देशकर भाऊजींच्या हातचा हवा. चिनी मातीचा."

देशकर भाऊजी! जळून खाक झालो मी. डॉक्टरांनी तिचा दात घासून खुंट केला आणि खरा दात तयार होईपर्यंत त्यावर माझा ॲक्रिलिकचा बसवला. म्हणजे बघा, नवऱ्याचा तात्पुरता आणि देशकरचा कायमचा!

मग रंग ठरवायचा कार्यक्रम. देशकरने सुशीलाला व्हरांड्यात उजेडात उभं केलं. चंदीगडला येऊन लावायला शिकलेली लिपस्टिक तिला पुसायला लावली. दातांच्या रंगांचे नमुने तिच्या ओठांशी धरून तो एकेक निरखू लागला.

"एका वेळी पाचच सेकंद पाहायचं असते, भाऊ," तो मला म्हणाला. "जास्त पाहिलं की डोळा फसते."

मी घड्याळ लावून उभा होतो. सात झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबमध्ये आम्ही दोघंच. देशकर चहाला निघाला. जाताना म्हणाला, "भाऊ, वहिनींचा दात भट्टीच्या तोंडाशी सुकून राहिला. जरा लक्ष असू द्या."

लक्ष? मी टपूनच होतो! त्याची पाठ फिरताच जाऊन पाहिलं. एवढा मोठा दात? सुशीलाच्या दाताच्या चांगला सव्वापट! आणि रंग? गुलाबी! लिपस्टिक पुसून, इतकं निरखून, शेवटी गुलाबी?

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. पण मग वाटलं, असला दात घालून ही स्टेजवर उभी राहिली तर लोक देशकरला थोडेच हसणार आहेत? रंगाचं माझ्या हातात काही नव्हतं. पण माप? अहो, दहा वर्षं मी दुसरं केलंय काय? दात नीट करायचा आणि उद्या साहेबांसमोर सांगायचं, मी होतो म्हणून निभावलं!

छोटी सुरी घेतली. सुकलेली पूडच ती, रांगोळीसारखी भुरभुरत होती. थोडं खरवडायचं, फुंकर मारायची. पुन्हा खरवडायचं, पुन्हा फुंकर. शेवटी असा नेमका मापात आला की मीच माझ्यावर खूश झालो. तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या. मी दात भट्टीत सरकवला आणि दार लावून टाकलं.

"आत ठेवलासुद्धा? भाऊ, किती करता हो तुम्ही माझ्यासाठी!" देशकर म्हणाला आणि त्याने भट्टी चालू केली. मी पाच मिनिटांत घरी पळालो.

दार आमच्या मुलीने उघडलं. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. "बाबा, आपकी मूँछ गुलाबी क्यों है?"

मी हात फिरवला. खरंच गुलाबी! "कँटीनमध्ये बर्फी खाल्ली," मी म्हणालो.

"एकट्यानेच?" सुशीलाने आतून विचारलं. त्या रात्री पोळी करपलेली मिळाली.

सकाळी सुशीलासमोरच देशकरने भट्टी उघडली आणि दात बाहेर काढला. रंग? अगदी तिच्या दातांचा! गुलाबीचा मागमूस नाही. आणि आकार? दुधाचा दात!

सुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आठ दिवसांवर नाटक आहे हो, भाऊजी."

देशकर घामाघूम झाला. "मलाच समजून नाही राहिलं, वहिनी. ही माती भट्टीत आकसते, म्हणून मुद्दाम मोठा केला होता. लॅबमध्ये सगळ्यांना पहिली गोष्ट तीच सांगितली होती मी. माझंच काही चुकलं असेल."

माझ्या डोळ्यांसमोर ती दीड तास घासलेली कवळी आली.

"उगाच ह्यांचं मन मोडलं मी," सुशीला डोळे पुसत म्हणाली. "ह्यांचाच दात बरा होता."

या एका वाक्यासाठी मी किती जळलो होतो! खरं तर तिथेच कबूल करायला हवं होतं. मी काय केलं? नम्रपणे मान खाली घातली.

देशकर बिचारा काचेवर उरलेली पूड दाखवत होता. "हे पाहा, कच्ची माती. कुठला थर कुठे दिला ते दिसावं म्हणून हिच्यात गुलाबी रंग असते. भट्टीत जळून जाते."

सुशीलाने पुडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे म्हणजे, मिशीकडे. पाच सेकंद, सात सेकंद, दहा सेकंद. तिचा डोळा काही फसला नाही.

"अहो," ती म्हणाली, "ही का तुमची बर्फी?"

देशकरने दोन दिवसांत दुसरा दात केला. तेवढे दोन दिवस मला भट्टीच्या खोलीत बंदी होती. नाटकात सुशीला अशी हसली की शेवटच्या रांगेतून टाळ्या पडल्या. आतमध्ये कुठेतरी दुखलं मला, पण दात सुंदर झाला होता, हे कबूल करतो.

नाटक संपल्यावर मंडळाने मिठाई वाटली. नेमकी गुलाबी बर्फी! कुणीतरी ताट माझ्यापुढे धरलं. तेवढ्यात सुशीला तो नवा दात दाखवत साऱ्या मंडळासमोर म्हणाली, "ह्यांना नका देऊ. हे एकटेच लॅबमध्ये खाऊन येतात!"