कांजी उतरवलेला बाळंतविडा

आमच्या चेन्नईतल्या मैलापुरात भोगीच्या पहाटे जुनंपुराणं दारात जाळतात. फाटक्या चटया, झिजलेल्या केरसुण्या, विरलेल्या साड्या. मुलं ढोलकी बडवतात, धुरानं डोळे चुरचुरतात. पण त्या वर्षी आमच्या इमारतीच्या दारात एकही साडी जळली नाही, आणि त्याला कारण मी. सांगते.

ऑस्ट्रेलियात जंगलं पेटली होती तेव्हाची गोष्ट. माझी भाची तिकडे नोकरीला. आगीत आई गेलेली कांगारूची पिल्लं एक बाई घरातच वाढवत, त्यांच्या मदतीला ही सुटीच्या दिवशी जायची. एक दिवस तिचा फोन आला, आवाज रडवेला.

"मावशी, एक पोर आलंय. अंगावर अजून लवसुद्धा नाही. मेलेल्या आईच्या पिशवीतून काढलं. जाड कापडात ठेवलं की तडफडतं, दूध घेत नाही. बाई आपल्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून निभावतायत. मऊ सुती पिशव्या हव्यात, आतून शिवण नसलेल्या. इथल्या केव्हाच संपल्या."

"मुलगा की मुलगी?"

"मावशी!"

"अगं, बाळंतविडा शिवायचा तर विचारायला नको?"

"मुलगी," ती म्हणाली, आणि हसली एकदाची.

आमच्या खालच्या मजल्यावरचं जोडपं पोंगल झाला की भाचीच्याच गावी, आपल्या लेकाकडे निघणार होतं. म्हणजे हातात दिवस थोडे. मी घरोघर निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या मामी म्हणजे आमच्या इमारतीच्या कलेक्टर, त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. भोगीसाठी बांधलेलं गाठोडं त्यांच्या दाराशीच होतं, वर त्यांची ठिपक्याठिपक्यांची सुंगडी साडी.

"हे विरलेलं परदेशी पाठवणार?" मामी कडाडल्या. "दान द्यायचं तर नवं द्यावं. ते म्हणतील, मद्रासच्या बायकांकडे धड कापड नाही!"

"मामी, तुमच्या जुळ्यांना तूळी कशाची बांधली होती?" तूळी म्हणजे आपली साडीची झोळी, बाळाला निजवायची.

"माझ्या आईच्या जुन्या साडीची. नवी टोचते ना."

"मग?"

मामींनी गाठोडं माझ्या हातात दिलं. "घे. पण मशीनवर मी बसणार. तुझा धावदोरा पाहिलाय मी, त्यापेक्षा आपली बस सरळ चालते."

झालं, इमारतभर मशिनी धडधडायला लागल्या. सणाचा स्वयंपाक एकीकडे, कातरकाम दुसरीकडे. शिवणी सगळ्या बाहेरून, आत हात फिरवला तर लोण्यासारखं. शेवटी पिशव्या धुतल्या, कांजीत बुडवल्या, कडक इस्त्री केली. आता दुसऱ्याच्या घरी जाणारं सुती कापड कांजीशिवाय पाठवायचं, हे आमच्याकडे कुणाच्या मनात तरी येईल का? मी मोठ्या तोऱ्यात भाचीला फोनवर दाखवल्या.

"मावशी, त्या उभ्या कशा राहतायत?"

"कांजी!" मामी माझ्या खांद्यावरून ओरडल्या. "अप्पळमसारख्या झाल्यात!" अप्पळम म्हणजे आपला पापड.

भाचीनं कपाळाला हात लावला. "मामी, तिची कातडी म्हणजे नुसता पापुद्रा आहे हो. सोलून निघेल पोर."

मामींनी पदर खोचला. "पाणी तापवा. गच्चीवर चला सगळ्या."

विमान दुसऱ्या दिवशीचं. आम्ही गरम पाण्यात पिशव्या भिजवल्या, चोळल्या, पिळल्या, पुन्हा भिजवल्या. समुद्राच्या दमट हवेत काही लवकर वाळेना, म्हणून घरोघरचे पंखे गच्चीवर आले. वाळलेली प्रत्येक पिशवी मामी गालाला लावून बघायच्या. "लागतेय. परत बादलीत!" कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "तुझ्या नातीला घालशील ही?" खालच्या जोडप्याची टॅक्सी दारात उभी राहिली तेव्हा शेवटची पिशवी त्यांच्या गालावर होती.

"ही मऊ," त्या म्हणाल्या, आणि बॅगेची चेन लागली.

पिशव्या पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीनं व्हिडिओ पाठवला. खुर्चीच्या पाठीला टांगलेली सुंगडीची पिशवी, तिच्यातून डोकावणारं एक गुलाबी, सुरकुतलेलं तोंड. तडफड नाही की काही नाही. बाईंनी बाटली पुढे केली. आम्ही जिन्यात श्वास धरून उभ्या. आणि प्यायली हो! चुटूचुटू प्यायली! आम्ही असा गिल्ला केला की वॉचमन काठी घेऊन वर धावला, चोर शिरला म्हणून.

पुढे तिला लव आली, मग दाट केस. पिशवी धरली की आधी डोकं घालून सूर मारायची, आत कोलांटी घ्यायची आणि मग नाक बाहेर. प्रत्येक व्हिडिओ आम्ही इतका पाहायचो की मामींचे यजमान म्हणायचे, माझी चौकशी कोण करतंय या घरात?

आणि मग एक दिवस तिला रानात सोडायचं ठरलं; भाचीनं ते फोनवर आम्हाला दाखवलं. काळ्या पडलेल्या खोडांना बुंध्यापासून हिरवे कोंब फुटले होते. बाईंनी फाटक उघडलं. ती दोन पायांवर उभी राहिली, हवा हुंगली आणि एका उडीत गवतात, दुसरीत झाडांआड.

"वळूनसुद्धा बघितलं नाही," कुणीतरी हळहळलं.

"कशाला बघावं?" मामी डोळे पुसत, छाती फुगवून म्हणाल्या. "पोट भरलंय, पायात जोर आहे, रान हिरवं आहे. चांगली वाढवली म्हणायची आपण पोर!"