पँट दोन इंच लांब कर

मंडळी, डोकं जाम फिरलंय, म्हणून इथेच ओकतोय.

इथे आखातात, फहाहीलच्या एका कपड्यांच्या दुकानात मी अल्टरेशन करतो. आमच्या रत्नागिरीचीच एक नर्स महिनाभर ड्यूटी सुटली की यायची. नाव लिहीत नाही. म्हणायची, "इटलीला जायचंय. टूरिस्ट वाटायला नको, तूच शिकव."

कॉलेज अर्धवट सोडलेल्या मी यासाठी मात्र अभ्यास केला. भडक लोगो नकोत, रबरी चपला नकोत, साधा लिननचा शर्ट, नीट बसणारी पँट. मग तिने एक जेन्ट्स पँटही मागितली. माप विचारलं तर हसून म्हणाली, "तुझंच घे ना."

आता मी काय समजायचं? मी पासपोर्ट रिन्यूला टाकला!

आज पँट बघून म्हणाली, "अरे, दोन इंच लांब कर. तो तुझ्यापेक्षा उंच आहे."

"तो कोण?"

"माझा होणारा नवरा. निकाहनंतर लगेच निघतोय. सांगितलं नव्हतं का तुला?"

नाही सांगितलंस. महिनाभरात एकदाही नाही!

गुपचूप पँट लांब करून दिली. जाताना तिने विचारलं, "चर्च बघायला त्याला हाफ पँट चालेल ना?"

तिथे गुडघे उघडे असले की दारातूनच परत पाठवतात, हे मला पक्कं ठाऊक. तरी म्हणालो, "बिनधास्त."

मघाशी मजा वाटली. आता वाटतंय, तो दारात अडकला की तीही बाहेर उन्हात उभी राहणार.

खरं कळवू तिला? तुम्ही कळवलं असतं?